भास्कराचार्य

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या एका फाट्याच्या पायथ्याशी, पाटण नावाचे एक प्राचीन स्थान आहे. एके काळी तेथे नांदते नगर होते. आज तेथे दाट झाडी, जुनी देवळे व पडक्या भिंती एवढेच काय ते उरले आहे. या ठिकाणी एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो विद्वानांच्या नजरेस आणून दिला.

शिलालेख बहुधा राजांचे पराक्रम सांगतात. हा लेख मात्र एका पाठशाळेविषयी आहे. एका थोर गणितज्ञाचे ग्रंथ पुढील पिढ्यांना शिकविले जावेत म्हणून शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमारास, येथे एका मठास दान दिल्याचे त्यात कोरले आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असला, तरी शेवट त्या काळच्या मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालापैकी मठाला काय द्यावे, चालत्या घाण्यामागे पळीपळीने तेल कसे द्यावे, हे तेथे लोकांच्या भाषेत सांगितले आहे. विद्येसाठी आपल्या बाजारातून व घाण्यातून वाटा देणारे ते गाव धन्य होय! आणि ज्याच्या ग्रंथांसाठी हे सारे झाले, तो पुरुषही तसाच असामान्य असला पाहिजे. तो पुरुष म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. आपले जन्मवर्ष, गोत्र व गाव यांची नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. ते शांडिल्य गोत्राचे. त्यांचे गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड. हे गाव नेमके कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि पाटणच्या लेखामुळे ते त्याच परिसरात असावे असे अनेकांना वाटते.

भास्कराचार्यांच्या घराण्यात विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. शिलालेखात त्यांच्या पूर्वजांची नावे ओळीने दिली आहेत. त्यांतील त्रिविक्रम हे मोठे कवी होते, तर पुढच्या एका पुरुषाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. भास्कराचार्यांचे वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषशास्त्राचे जाणकार. तेच त्यांचे गुरू झाले. घरातच विद्यापीठ असावे आणि पित्यानेच बोट धरून आकाशातील ग्रहगोलांची ओळख करून द्यावी, असे भाग्य त्यांना लाभले. त्या भाग्याचे त्यांनी सोने केले.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. पहिला लीलावती, त्यात अंकगणित आहे. दुसरा बीजगणित. तिसऱ्यात ग्रहांच्या गतींचे गणित आहे आणि चौथ्यात, म्हणजे गोलाध्यायात, पृथ्वी व आकाश यांचे विवेचन आहे. ग्रंथ पद्यात आहे, कारण त्या काळी विद्या मुखोद्गत करावी लागे. परंतु पाठांतर म्हणजे ज्ञान नव्हे, हे भास्कराचार्य जाणून होते. म्हणून सिद्धान्तशिरोमणीवर त्यांनी स्वतःच टीका लिहून प्रत्येक नियमामागील कारण उलगडून दाखविले.

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती व तिच्या दुःखाचे सांत्वन करण्यासाठी त्यांनी हा भाग रचला, अशी एक कथा सांगतात. ही कथा अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात येते. भास्कराचार्यांनी स्वतः असे काही लिहिलेले नाही. म्हणून ती कथा कथा म्हणूनच ऐकावी. एवढे मात्र खरे, की या ग्रंथात ते जिला प्रश्न घालतात ती कधी बाला असते, कधी हरिणाक्षी असते. गणित शिकविताना त्यांच्या वाणीत छडीचा धाक नाही. कौतुकाचा ओलावा आहे.

लीलावतीतील एक उदाहरण पाहू. चार जव्हेरी प्रवासात एकत्र आले. पहिल्याजवळ ८ माणके होती, दुसऱ्याजवळ १० नीळ, तिसऱ्याजवळ १०० मोती व चौथ्याजवळ ५ हिरे. सहवासाने त्यांच्यात स्नेह जडला आणि प्रत्येकाने आपल्याजवळील एकेक रत्न इतर तिघांना भेट दिले. तेव्हा आश्चर्य असे झाले, की चौघांचेही धन सारखे झाले. तर प्रत्येक रत्नाची किंमत किती?

प्रश्न वाचून प्रथम मन गोंधळते, कारण यात एकाही रत्नाची किंमत दिलेली नाही. परंतु जरा शांतपणे विचार करा. भेटी दिल्यावर पहिल्याजवळ ५ माणके उरली आणि त्यांच्या जोडीला एक नीळ, एक मोती व एक हिरा आला. दुसऱ्याजवळ ७ नीळ, तिसऱ्याजवळ ९७ मोती आणि चौथ्याजवळ २ हिरे उरले. शिवाय प्रत्येकाजवळ इतर तीन प्रकारांचे एकेक रत्न आले. आता प्रत्येकाच्या थैलीतून एक माणिक, एक नीळ, एक मोती व एक हिरा बाजूला काढा. चौघांकडूनही सारखेच धन काढल्यामुळे उरलेले धनही सारखेच राहील. काय उरले? पहिल्याजवळ ४ माणके, दुसऱ्याजवळ ६ नीळ, तिसऱ्याजवळ ९६ मोती, चौथ्याजवळ १ हिरा. या चारांची किंमत सारखी आहे!

आता भास्कराचार्य म्हणतात, ही सारखी किंमत तुमच्या इच्छेस येईल ती माना. अशा मानलेल्या संख्येला ते इष्ट म्हणतात. इष्ट ९६ मानले, तर हिरा ९६ चा, माणिक २४ चे, नीळ १६ चा आणि मोती १ चा होतो. प्रत्येकाचे एकंदर धन २३३ भरते. इष्ट १९२ मानले, तर साऱ्या किमती दुप्पट होतात. पण चौघांचे धन सारखेच राहते. म्हणजे या प्रश्नाला एकच उत्तर नाही. उत्तरे अगणित आहेत. मात्र ती वाटेल तशी नाहीत. एक मूळ उत्तर मिळाले, की बाकीची सारी उत्तरे त्याच्याच पटीत असतात.

बीजगणितात भास्कराचार्य आणखी पुढे जातात. जी संख्या ठाऊक नाही तिला ते यावत्तावत् म्हणतात. अज्ञात संख्या एकाहून अधिक असल्या, तर त्यांना ते रंगांची नावे देतात : कालक, नीलक, पीतक, लोहितक, म्हणजे काळा, निळा, पिवळा, तांबडा. लिहिताना या नावांची आद्याक्षरे या, का, नी, पी अशी मांडतात आणि ऋण संख्येच्या माथ्यावर टिंब देतात. आज आपण बीजगणितात अक्षरे वापरतो, तसाच हा प्रकार.

प्रथम ते एक सोपा प्रश्न घालतात. एकाजवळ ३०० नाणी व ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० नाण्यांचे ऋण आहे. दोघे सारखेच धनवान आहेत, तर घोड्याची किंमत काय? दुसऱ्याजवळ चार घोडे अधिक आहेत आणि नाण्यांचा फरक चारशेचा आहे. म्हणून घोडा शंभराचा. येथे अज्ञात एक आणि अट एक. म्हणून उत्तरही एक.

नंतर येतो तो प्रसिद्ध प्रश्न. चार माणसांजवळ जनावरे आहेत. पहिल्याजवळ ५ घोडे, २ उंट, ८ खेचरे व ७ बैल आहेत. दुसऱ्याजवळ ३ घोडे, ७ उंट, २ खेचरे व १ बैल. तिसऱ्याजवळ ६ घोडे, ४ उंट, १ खेचर व २ बैल. चौथ्याजवळ ८ घोडे, १ उंट, ३ खेचरे व १ बैल. चौघांचे धन सारखे आहे. तर प्रत्येक जनावराची किंमत सांगा. मूळ श्लोकात या संख्या बहुतेक सांकेतिक शब्दांनी सांगितल्या आहेत. मुनी म्हणजे ७, श्रुती म्हणजे ४, नेत्र म्हणजे २, इंदू म्हणजे १, असा तो संकेत.

येथे अज्ञात चार आहेत. पण धने सारखी असल्याच्या अटी तीनच मिळतात. कारण पहिला दुसऱ्याबरोबर, दुसरा तिसऱ्याबरोबर आणि तिसरा चौथ्याबरोबर एवढे सांगितले, की सारे सांगून झाले. तेव्हा या तीन जोड्यांतून सारखे धन वगळत चला. पहिली जोडी सांगते, की २ घोडे, ६ खेचरे व ६ बैल मिळून ५ उंटांइतके होतात. दुसरी सांगते, की ३ उंट व १ खेचर मिळून ३ घोडे व १ बैल यांच्याइतके होतात. तिसरी सांगते, की ३ उंट व १ बैल मिळून २ घोडे व २ खेचरे यांच्याइतके होतात.

या तिन्हींत घोडा आहे. भास्कराचार्य तिन्हींतून घोड्याची किंमत काढतात आणि त्या किमती एकमेकींशी ताडून पाहतात. त्यामुळे घोडा प्रश्नातून निघून जातो व दोनच गोष्टी उरतात. एक, ९ उंट म्हणजे २० खेचरे व १६ बैल. दुसरी, ३ उंट व ५ बैल म्हणजे ८ खेचरे. दुसरीची तिप्पट केली, की ९ उंट व १५ बैल म्हणजे २४ खेचरे. आता ९ उंटांच्या जागी २० खेचरे व १६ बैल घ्या. मग २० खेचरे व ३१ बैल मिळून २४ खेचरांइतके होतात. अर्थात ३१ बैलांची किंमत ४ खेचरांइतकी! उंटही निघून गेला. चार अज्ञातांचा गुंता सुटत सुटत एका धाग्यावर आला.

किमती पूर्णांकांत हव्या असतील, तर बैल ४ चा व खेचर ३१ चे मानावे. मग ३ उंटांची किंमत २४८ मधून २० वजा जाता २२८. म्हणून उंट ७६ चा. २ घोड्यांची किंमत २२८ अधिक ४, वजा ६२, म्हणजे १७०. म्हणून घोडा ८५ चा. ताळा पाहा. पहिल्या माणसाचे धन ४२५, १५२, २४८ व २८ मिळून ८५३ होते. इतर तिघांचे धनही मोजा. प्रत्येक वेळी ८५३ च येईल. आणि या चारही किमती दुप्पट, तिप्पट किंवा दसपट केल्या तरी चौघे सारखेच धनवान राहतील.

या उदाहरणात आचार्यांच्या बुद्धीबरोबर त्यांची सचोटीही दिसते. घोडा ८५ चाच असला पाहिजे, असे ते म्हणत नाहीत. दिलेल्या माहितीवरून किमतींचे परस्परांशी असलेले प्रमाण तेवढे निश्चित होते; प्रत्यक्ष किंमत होत नाही. जेवढे सिद्ध होते तेवढेच सांगावे, आणि जेथे मोकळीक आहे तेथे ती मोकळीक दाखवून द्यावी, हा गणितज्ञाचा धर्म. जो एकच उत्तर दडपून सांगतो त्याच्यापेक्षा, उत्तरे अनेक आहेत पण त्यांचा मूळ कंद एक आहे, हे दाखवून देणारा अधिक जाणता होय. आणि हे सारे कशाने साधते? अक्षरे व रंग ही केवळ साधने आहेत. खरे बीज म्हणजे माणसाची बुद्धी, असे आचार्यांनी आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे.

भास्कराचार्यांचे कार्य एवढ्यावरच थांबत नाही. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ या पूर्वसूरींचे ऋण त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले आणि त्यांच्या विस्तृत ग्रंथांतील सार काढून आपल्या शिष्यांसाठी ठेवले. चक्रवाल नावाची पद्धत त्यांनी पूर्णत्वास नेली. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्ग येतो, तर ती संख्या कोणती? हा प्रश्न दिसतो साधा. परंतु शून्याखेरीज त्याचे सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० आहे. भास्कराचार्यांनी ते सोडविले. पुढे १६५७ साली फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हाच ६१ चा प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. गोलाध्यायात पृथ्वीला कोणी शेषाने वा दुसऱ्या प्राण्याने उचलून धरलेले नाही, ती आपल्याच शक्तीने अवकाशात स्थिर आहे आणि जड वस्तूंना आपल्याकडे ओढून घेते, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुढे ११८३ हे वर्ष आरंभी धरून त्यांनी करणकुतूहल हा पंचांगकर्त्यांना उपयोगी असा सुटसुटीत ग्रंथ रचला. तेव्हा त्यांचे वय ६९ वर्षांचे होते. वार्धक्यातही त्यांची लेखणी थकली नव्हती.

पित्याकडून मिळालेली विद्या त्यांनी पुत्रास दिली. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर मोठा विद्वान निघाला. यादव राजा जैत्रपाल याने त्याला पाटणहून आपल्या दरबारी नेले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने राजदरबारी मान मिळाल्यावरही आजोबांना विसरू दिले नाही. त्यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सोइदेव या अधिपतीने त्याला दान दिले. तोच हा शिलालेखातील मठ.

आज तो मठ नाही. घाणे थांबले, बाजार मोडला, नगर उजाड झाले. दगडावर कोरलेले दान काळाने गिळून टाकले. परंतु ज्या ग्रंथांसाठी ते दिले होते, ते ग्रंथ जिवंत राहिले. पोथ्यापोथ्यांतून त्यांच्या नकला झाल्या, त्यांवर टीका लिहिल्या गेल्या. फैजीनंतर शहाजहानच्या काळात, १६३४ साली, अताउल्ला रशीदी याने बीजगणिताचे फारसी भाषांतर केले. १८१७ मध्ये कोलब्रुक या इंग्रज पंडिताने लीलावती व बीजगणित ही दोन्ही इंग्रजीत आणली.

सिद्धान्तशिरोमणीनंतर बरोबर ७०० वर्षांनी, १८५० साली, सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने आडव्या ओळींत व उभ्या रांगांत मांडलेल्या संख्यांच्या चौकटीला मॅट्रिक्स हे नाव दिले. आज महाविद्यालयात विद्यार्थी अशा चौकटी सोडवितात. घोडे व उंट यांच्या तीन अटी एका बाजूला आणून दुसऱ्या बाजूला शून्य ठेवले, की तीन ओळींची व चार रांगांची अशीच एक चौकट तयार होते. तिच्या तिन्ही ओळी शून्य करणाऱ्या साऱ्या संख्यासमूहांचा शोध घ्यावयाचा आणि ज्याच्यापासून ते सारे निघतात तो आधार काढावयाचा, असा तेथे प्रश्न असतो. या चौकटीसाठी तो आधार म्हणजे ८५, ७६, ३१ व ४. नावे नवी आहेत, मांडणी नवी आहे. पण एकेक अज्ञात दूर सारीत मुळाशी जाण्याची ती वाट सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आचार्यांनी आठशे वर्षांपूर्वीच चालून दाखविली होती.

मुलांनो, भारताने १९७९ साली आपल्या एका उपग्रहास भास्कर हे नाव दिले, ते सातव्या शतकातील व या बाराव्या शतकातील अशा दोन्ही भास्करांच्या स्मरणार्थ. आकाशाचे गणित करणाऱ्यांचे नाव आकाशात गेले, हे उचितच झाले. परंतु त्यांचे खरे स्मारक तुमच्या पाटीवर आहे. एखादे गणित अवघड वाटले, तर घाबरून पाटी खाली ठेवू नका. दोन्हीकडचे सारखे आहे ते आधी वगळा, एकेक गाठ सोडवा आणि शेवटी ताळा पाहा. तेवढे केले, म्हणजे पाटणच्या त्या मठात तुम्हीही जाऊन बसलात असे समजा.

स्वाध्याय

१. पाटणच्या शिलालेखातील दान कशासाठी दिले होते? गावकऱ्यांनी त्यासाठी काय द्यावयाचे होते?
२. लीलावतीची कथा कथा म्हणूनच ऐकावी, असे लेखकाने का म्हटले आहे?
३. चार जव्हेऱ्यांच्या उदाहरणात इष्ट ४८ मानल्यास मोत्याची किंमत किती येईल? इष्ट ९६ मानणे सोयीचे का?
४. तिसऱ्या व चौथ्या माणसाच्या जनावरांची एकंदर किंमत काढून ताळा पाहा.
५. भास्कराचार्यांची सचोटी कोणत्या गोष्टीत दिसून येते, ते तुमच्या शब्दांत लिहा.